व्हॉल्व्हच्या रेडिओचा भूतकाळ, चेसिसवर वाचलेला

जुन्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या, काचेच्या नळ्यांच्या) रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, की आत कारखान्यातून निघालेला रेडिओ क्वचितच सापडतो. मूळच्या व्हॉल्व्हच्या जागी वेगळाच बसवलेला असतो, त्यासाठी सॉकेटची जोडणी बदललेली असते, फिल्टर कंडेन्सरला (वीज साठवून पुरवठा सपाट करणाऱ्या भागाला) दुसरा कंडेन्सर टांगलेला असतो. नव्याने या छंदात आलेले लोक याला ‘मेकॅनिकने वाट लावली’ म्हणतात. मला ते पटत नाही. त्या जोडकामामागे टंचाईचा मोठा काळ आहे.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. ते चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांत बुडाली, कारभार सरकारकडे गेला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. रेडिओ बाळगायला लायसन्स लागे, सुरुवातीला वर्षाला १० रुपयांचं. लायसन्सची ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. सेट आधी परदेशातून येत; पुढे मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको यांचे सेट इथेच तयार होऊ लागले. व्हॉल्व्ह मात्र बराच काळ बाहेरूनच यायचे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनवायला घेतले १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे ट्रान्झिस्टर दारात येऊन उभा राहिला तेव्हा. आयातीवर निर्बंध असताना नेमका त्याच नंबरचा व्हॉल्व्ह मिळाला नाही तर मेकॅनिक हाताशी असलेला बसवणार, नाहीतर गिऱ्हाइकाचा रेडिओ कपाटावर जाणार.

विजेचंही एक त्रांगडं होतं. कोलकात्यासारख्या शहरात काही भागांना डीसी (एकाच दिशेने वाहणारा) पुरवठा होता. दोन्ही पुरवठ्यांवर चालावा म्हणून एसी-डीसी सेट निघाले. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर (घरच्या विजेपासून सेट वेगळा ठेवणारा) नसतो. यूसीएच ८१, यूएफ ८९, यूएबीसी ८०, यूएल ८४, यूवाय ८५ अशा ‘यू’ मालिकेतल्या व्हॉल्व्हच्या फिलामेंट (तापणाऱ्या तारा) एकामागे एक जोडलेल्या असतात, प्रत्येकीतून १०० मिलिअँपियर. या पाचांची बेरीज साधारण १४३ व्होल्ट. उरलेला दाब ड्रॉपर रेझिस्टन्स गिळतो आणि तापतो. एक फिलामेंट तुटली की सगळे व्हॉल्व्ह विझतात. सेट स्वस्त पडला, पण चेसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली. प्लग उलटा बसला की तिच्यात फेज (जिवंत वीज) येतो. असा सेट टेबलावर आला तर आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून तोडणारा), मग पेचकस. आपल्याकडचा सिरीज बल्ब (सेटच्या पुरवठ्याच्या वाटेत जोडलेला दिवा) शॉर्टपासून सेट वाचवतो, माणसाला वाचवत नाही.

जिथे वीजच नव्हती तिथे बॅटरीचे सेट गेले: फिलामेंटला दीड व्होल्ट, प्लेटला (व्हॉल्व्हमधल्या पत्र्याला) ९० व्होल्टचा कोरडा पॅक. गावात रेडिओ एकत्र बसून ऐकण्याचा मोठा प्रयोग १९५६ मध्ये पुणे केंद्राच्या परिसरातल्या सुमारे १५० गावांत झाला. शेतीवरचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. युनेस्कोचं पाठबळ असलेल्या या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं.

शहरी घरातला सेट बहुधा गाण्यांसाठी घेतलेला असे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली आणि श्रोते शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळले. आकाशवाणीची गाण्यांची सेवा, विविध भारती, आली ३ ऑक्टोबर १९५७ ला. बातम्यांना मीडियम वेव्ह, गाण्यांना शॉर्टवेव्ह अशी रोजची फिरवाफिरवी. या सेटांचे बँड स्विच इतके झिजलेले का असतात, याचं उत्तर मला तरी त्यातच दिसतं.

आता प्रत्यक्ष बिघाड. व्हॉल्व्हला उगाच दोष दिला जातो. तो बऱ्याचदा ठणठणीत असतो. मरतात ते कागदी कंडेन्सर. मेण लावलेला कागद पावसाळी हवेतली ओल शोषतो, आणि कोकणातल्या सेटांची तर बातच नको. सगळ्यांत घातक म्हणजे आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा कपलिंग कंडेन्सर. तो गळू लागला की आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा पॉझिटिव्ह दाब ग्रिडवर येतो, ईएल ८४ सारखा व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून ‘लावून तर बघू’ म्हणत थेट प्लग घालायचा नाही. हा एक कंडेन्सर आधी बदलायचा. घरघर येत असेल तर फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. जुने कार्बन रेझिस्टन्सही किंमत वाढवून बसतात, तेही मोजून घ्यावेत.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतात, फक्त कंडेन्सर ४०० व्होल्टच्या वरचा मागून घ्यावा. ऐकायला मात्र फारसं उरलेलं नाही, कारण आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक अलीकडे बंद झाले. त्यामुळे पुष्कळजण मागच्या पिकअप सॉकेटला मोबाइल जोडतात. पूर्वी तिथे ग्रामोफोन लागायचा. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला हे चालतं. एसी-डीसी सेटला अशी वायर सरळ लावली तर मेन्स थेट मोबाइलपर्यंत पोचू शकते. तिथे जोडणीत आयसोलेशन असल्याशिवाय हात घालू नये.