कॅरव्हॅनचं भवितव्य ओढणाऱ्या गाडीच्या हाती

टूरिंग कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं, म्हणून ओढणारा बदलला की कॅरव्हॅनही बदलते. ब्रिटन आणि युरोपात आज तो पुन्हा बदलतो आहे.

सुरुवात घोड्यांपासून झाली. नौदलातले निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी 1885 मध्ये ब्रिस्टलला ‘द वाँडरर’ बांधून घेतली. वजन जवळपास दोन टन, पुढे दोन घोडे. 1907 मध्ये कॅरव्हॅन क्लब निघाला, पण तो हौशी श्रीमंतांचाच. 1919 पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरव्हॅन विकायला घेतल्या. खरी मुसंडी दुसऱ्या महायुद्धानंतरची. सॅम आल्पर यांची स्प्राइट हलकी आणि स्वस्त होती, साध्या कुटुंबाच्या छोट्या गाडीला झेपणारी. जर्मनीत एरिख बाखेम आणि एर्विन हायमर यांची एरिबा त्याच वाटेने गेली. 1973 मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला, पाठोपाठ तेलसंकट, आणि मागणी आटली.

पुढे डिझेल गाड्या दणकट झाल्या, तशा कॅरव्हॅनही जडावल्या: शॉवर, मोठा फ्रीज, दोन अॅक्सल (म्हणजे चाकांच्या दोन जोड्या). बांधणीचं जुनं दुखणं मात्र राहिलं, ते म्हणजे ओल. लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि तंबू अडकवायच्या पट्टीखालचं सीलंट काही वर्षांत कडक होऊन तडकतं. पाणी आत झिरपतं, बाहेरून काही दिसत नाही. ओल मोजायच्या मीटरवर 15 टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालते. 20 च्या वर कारण शोधायलाच हवं. 30 च्या वर लाकूड कुजायला लागलेलं असतं. जुन्या कॅरव्हॅनची किंमत याच आकड्यावर ठरते. म्हणूनच लाकूडविरहित सांगाडा आणि चिकटवलेले सँडविच पॅनल (दोन पत्र्यांमध्ये हलका थर असलेले) ही गेल्या काही दशकांतली सर्वांत मोलाची सुधारणा.

वजनाचं गणित तेव्हाही तेच होतं, आताही तेच. भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावी हा ब्रिटनमधला कायदा नव्हे, सल्ला आहे. नवशिक्याने तो पाळावाच. 1,600 किलोची गाडी असेल तर 1,360 किलो. टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला कॅरव्हॅन जोडतात त्यावर, कॅरव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के भार हवा, म्हणजे इथे 68 ते 95 किलो. पण गाडीच्या टो-बारची (हा गोळा ज्यावर बसवलेला असतो त्या दांड्याची) मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची. भार कमी पडला की कॅरव्हॅन मागे डोलायला लागते, आणि वेगात ते डोलणं आवरत नाही.

परवान्याची अडचण निदान सुटली. 1 जानेवारी 1997 पासून कारची परीक्षा पास झालेल्यांना जड कॅरव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. ग्रेट ब्रिटनमध्ये 16 डिसेंबर 2021 पासून ती गेली, आता 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो.

आजचा पेच विजेच्या गाडीचा. ताकद भरपूर, पण कित्येक मॉडेलना ओढायची परवानगीच नसते किंवा मर्यादा तोकडी असते. शिवाय वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यात कॅरव्हॅनचं तोंड गाडीपेक्षा रुंद आणि उंच. एका चार्जमधलं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. बहुतेक चार्जर गाडी एकटी उभी राहील अशाच जागी असतात, म्हणजे दर वेळी कॅरव्हॅन सोडा, तिचे आधाराचे पाय टेकवा, चार्जिंगनंतर पुन्हा जोडा. डेथलेफ्स या जर्मन कॅरव्हॅन कंपनीने कॅरव्हॅनच्याच अॅक्सलला मोटर आणि बॅटरी देऊन आल्प्स ओलांडून दाखवला. उपाय अस्सल आहे. पण ती बॅटरी कॅरव्हॅनच्या मंजूर वजनातच धरली जाते, आणि तेवढं पाणी, गॅस आणि सामान घरी ठेवावं लागतं.