तापानंतरचा अशक्तपणा आणि लाँग कोविडचा थकवा

फ्लू किंवा कोविड होऊन गेल्यावरचा अशक्तपणा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जिना चढताना धाप लागते, पाय लटपटतात, तोंडाला चव नसते. पेज, मऊ वरणभात, भरपूर झोप आणि रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं यांवर काही आठवड्यांत माणूस मार्गी लागतो.

लाँग कोविडचा थकवा वेगळा. त्यालाही ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावून आणतात, वर टॉनिकच्या बाटल्या, याचा मला मनापासून राग येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या व्याख्येत कालावधी दिला आहे: आजार सुरू झाल्यापासून साधारण 3 महिन्यांनीही असलेला, किमान 2 महिने टिकणारा आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारा त्रास. पण नुसते महिने मोजून हा थकवा ओळखता येत नाही. श्रमांनंतर काय होतं, ते बघावं लागतं.

साध्या अशक्तपणात माणूस चालतानाच दमतो. रात्री झोप झाली की सकाळी बरं वाटतं आणि आठवड्याभराने तेच अंतर सोपं जातं. लाँग कोविडच्या बऱ्याच रुग्णांना चालताना फारसं काही जाणवत नाही. तडाखा बसतो तो अनेकदा 12 ते 48 तासांनी. अंग ठणकतं, घसा दुखतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, फ्लू उलटल्यासारखं वाटतं. झोपूनही उतार पडत नाही. हे काही दिवस, कधी काही आठवडे चालतं. मंगळवारी केलेल्या कामाने माणूस गुरुवारी आडवा होतो, आणि घरचे गुरुवारी काय खाल्लं ते शोधत बसतात! शिवाय श्रम म्हणजे फक्त चालणं नव्हे. लांबलेली मीटिंग किंवा लग्नातली गर्दीही पुरते.

म्हणून ‘रोज थोडं वाढव, अंगात ताकद येईल’ हा एकाला तारणारा सल्ला दुसऱ्याला आणखी खाली ढकलतो. अशीच घसरण होणाऱ्या एमई/सीएफएस या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजारासाठी इंग्लंडच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने 2021मध्ये ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याच्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. ‘सगळं मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: 2024मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या रुग्णांचे व्यायामाआधीचे आणि नंतरचे स्नायूंचे नमुने तपासले. व्यायामानंतर स्नायूंना झालेली इजा त्यांत दिसली.

माझं मत पक्कं आहे: चालणं वाढवण्याआधी दोन-तीन आठवडे वहीत लिहा. आज काय केलं, आणि पुढचे दोन दिवस कसे गेले. घसरण दिसली, तर दमायच्या आधीच थांबायचं, बरं वाटत असलं तरी. घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये. ती वही डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासून घ्या. छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वही भरायची वाट न बघता दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर ‘कोविडचाच राहिलाय’ असं धरून न चालता क्षयरोगासाठी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते.