अल्फा-अमायलेजची चाचणी (स्टार्च द्रवीकरण)

मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज सिरप करताना पहिली पायरी द्रवीकरणाची असते. अल्फा-अमायलेज हे एंझाइम स्टार्चच्या लांब साखळ्या मधेच तोडते, त्यामुळे खळ पातळ होते. एंझाइमच्या डब्यावरची क्रियाशीलता सहसा विरळ, विरघळलेल्या स्टार्चवर थोड्या वेळात मोजलेली असते. कारखान्यात मात्र ३० ते ३५ टक्के घन असलेली दाट खळ आणि १०५ अंश सेल्सिअस तापमान सोसावे लागते. म्हणून केवळ डब्यावरच्या आकड्यांवरून दोन एंझाइमांची तुलना करणे चूक आहे.

चाचणीसाठी खळीचा पीएच ५.८ ते ६.० वर आणतात, कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि गरम करण्याआधीच एंझाइम मिसळतात. जेट कुकरमध्ये वाफेच्या झोताने खळ क्षणात १०५ अंशांवर जाते, तेथे ५ ते ८ मिनिटे राहते आणि मग ९५ अंशांवर दीड-दोन तास ठेवली जाते. प्रयोगशाळेतील फ्लास्कमध्ये हा झोत नसतो. तापमान सावकाश चढते, ६२ ते ७२ अंशांदरम्यान स्टार्च फुगून ढवळणी अडकते आणि कच्च्या गाठी राहतात. शक्य असेल तेथे छोटा जेट कुकरच वापरावा.

९५ अंशांच्या टप्प्यात ठराविक अंतराने नमुने काढून त्यांचा डी.ई. (डेक्स्ट्रोज तुल्यांक, म्हणजे स्टार्चच्या तुटण्याचे माप) मोजतात. नमुन्यात लगेच आम्ल घालून एंझाइम मारले नाही, तर नळीतही विक्रिया चालू राहते आणि आकडा फसवा येतो. डी.ई. वेळेबरोबर जवळपास सरळ रेषेत चढत १० ते १२ पर्यंत गेला, तर एंझाइम जिवंत आहे. रेषा सुरुवातीपासूनच आडवी असेल, तर ते जेटमध्येच मेले. अशा वेळी मात्रा वाढवण्याआधी पीएच आणि कॅल्शियम तपासावे. मक्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमविना जुन्या जातींची अमायलेजे उष्णतेत टिकत नाहीत.

पीएच सहाच्या वर ठेवला तर एंझाइम अधिक तग धरते, पण माल्टुलोज नावाची साखर तयार होते. पुढच्या पायरीत, म्हणजे शर्करीकरणात, तुटलेल्या साखळ्यांचे ग्लुकोज करणारे ग्लुकोअमायलेज हे एंझाइम ती सहजी तोडत नाही, म्हणजे ग्लुकोजचा उतारा घटतो आणि सिरपचा रंगही गडद होतो. त्यामुळे खरा निकाल द्रवीकरणानंतर नव्हे, तर साठ अंशांवर, ४.२ ते ४.५ पीएचला शर्करीकरण पुरे झाल्यावर मिळणाऱ्या ग्लुकोजवरून लावतात. सिरपपासून फ्रुक्टोज करायचे असल्यास आधी घातलेले कॅल्शियम आयन-विनिमयाने काढावेच लागते, कारण ते ग्लुकोजचे फ्रुक्टोज करणाऱ्या ग्लुकोज आयसोमरेज या एंझाइमला बाधक ठरते.