कियांतीच्या द्राक्षमळ्यांत घोडा आला कुठून?

इटलीच्या टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याला कियांती म्हणतात. या पट्ट्याची हद्द दोन स्वारांनी ठरवली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. दोन्ही शहरांचा सीमेवरून जुना तंटा होता. पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा, असा तोडगा निघाला. सिएनाने खाऊनपिऊन सुखी असलेला पांढरा कोंबडा निवडला. फ्लॉरेन्सने काळा निवडला आणि त्याला उपाशी ठेवले. तो उजाडण्याच्या कितीतरी आधी ओरडू लागला, फ्लॉरेन्सचा स्वार सिएनाजवळच्या फोंतेरुतोलीपर्यंत पोचला आणि जवळजवळ सगळा मुलूख फ्लॉरेन्सकडे गेला. प्रत्यक्षात १२०३ साली हद्द लवादाने ठरली. काळा कोंबडा मात्र पुढे कियांतीतल्या गावांच्या संघाचे निशाण झाला आणि आज कियांती क्लासिको या तिथल्या वाइनच्या प्रत्येक बाटलीवर तो असतो.

घोडेसहली विकणाऱ्यांना ही गोष्ट फार सोयीची पडते. माहितीपत्रकांत ‘शतकानुशतकांची परंपरा’ असते, उतारावर सायप्रसची झाडे असतात आणि ओळींमधून दुडक्या चालीने जाणारा स्वार असतो. पण कियांतीच्या शेतात घोड्याला कधी मोठे कामच नव्हते. नांगर बैल ओढत. पांढरी, धिप्पाड कियानीना जात त्यासाठीच प्रसिद्ध. ओझी खेचरे आणि गाढवे वाहत. घोडा असे तो मालकाच्या किंवा त्याच्या कारभाऱ्याच्या बग्गीला. कियांतीतली घोडेसहल ही जेमतेम साठ वर्षांतली गोष्ट आहे, आणि ती तिथल्या शेतीच्या पडझडीतून उभी राहिली.

ती शेती मेझ्झाद्रिया पद्धतीची होती, म्हणजे अर्ध्या वाट्याची. जमीन, घर आणि बहुतेक भांडवल मालकाचे, राबणारे हात कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचे आणि उत्पन्न निम्मे-निम्मे. एका मोठ्या जमीनदारीचे अनेक तुकडे असत. प्रत्येक तुकड्याला पोदेरे म्हणत आणि प्रत्येक पोदेरेवर एक दगडी घर असे. तळमजल्यावर बैलांचा गोठा, वर माणसे. हिवाळ्यात गुरांची ऊब वर चढे. घरातल्या कर्त्या पुरुषाला कापोच्चा म्हणत. मालकाचा कारभारी, फात्तोरे, हिशेबाची वही सांभाळे. गाव एका जागी न वसता घरे अशी शेताशेतांत विखुरल्यामुळे घर ते घर, घर ते चर्च, घर ते गिरणी अशा कच्च्या वाटांचे दाट जाळे तयार झाले. आजच्या घोडेवाटा मुख्यतः याच वाटा आहेत.

या शेतात नुसत्या द्राक्षांच्या ओळी नसत. एकाच वावरात गहू, ऑलिव्ह आणि वेली, आणि वेली बऱ्याचदा जिवंत मेपलच्या झाडांवर चढवलेल्या. कुटुंबाला सगळेच लागायचे, म्हणून सगळेच एकत्र. आज चित्रात दिसणाऱ्या तारांवरच्या सरळ ओळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात लढाईची आघाडी याच टेकड्यांवरून सरकली. मोटारी चढत नसत तिथे दारूगोळा आणि रेशन खेचरांवरून जाई, आणि इटलीच्या मोहिमेत भारतीय खेचर तुकड्याही होत्या. मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी शेजारच्या उम्ब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घोडेसहली आता त्या खोऱ्यातूनही जातात.

युद्धानंतर शेती टिकली नाही. कारखान्यांत पगार मिळू लागला होता आणि निम्मे पीक मालकाला द्यायला तरुण तयार नव्हते. त्यातच फेब्रुवारी १९५६च्या कडाक्याच्या थंडीने ऑलिव्हची झाडे मोठ्या प्रमाणावर मारली. ऑलिव्ह पुन्हा उत्पन्नाला यायला वर्षे लागतात, तेवढा दम कोणाला होता? कुटुंबेच्या कुटुंबे उतरून खोऱ्यातल्या गावांत गेली. १५ सप्टेंबर १९६४च्या कायद्याने मेझ्झाद्रियाचे नवे करार बंद केले आणि १९८२च्या कायद्याने उरलेले करार खंडाच्या करारात बदलण्याची वाट काढली. आपल्याकडच्या कूळ कायद्याशी तुलना करावीशी वाटते, पण एक फरक मोठा आहे: मुंबई राज्यात कायद्याने जमीन कुळाकडे वळवली, टस्कनीत कायदा पूर्ण होईपर्यंत बरीचशी कुळे निघून गेली होती. मागे राहिली रिकामी दगडी घरे आणि गवत वाढलेल्या वाटा.

ही घरे मग स्वस्तात विकली गेली, बरीचशी परदेशी आणि शहरी लोकांना. १९६५ साली ‘आग्रितुरिस्त’ ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली; शेतावर पाहुणे ठेवून शेती तगवावी हा तिचा विचार. त्याला कायद्याचे रूप मिळायला डिसेंबर १९८५ उजाडले (कायदा क्रमांक ७३०), आणि २००६च्या कायदा क्रमांक ९६ने तो बदलला. यातली मेख अशी की पाहुणचार शेतीला जोडून असावा लागतो. शेती बंद करून नुसत्या खोल्या भाड्याने दिल्या तर ते आग्रितुरिस्मो, म्हणजे शेत-पर्यटन, होत नाही. घोडे हे या चौकटीत नीट बसले: गवत शेतातले, गोठा रिकामाच, वाटा तयार.

वाइनची बाजू याच काळात बदलली. १७१६ साली टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोने फर्मान काढून कियांतीची हद्द ठरवली होती. वाइनसाठी अशी सरकारी हद्द आखल्याचे हे जगातल्या अगदी जुन्या उदाहरणांपैकी एक. ब्रोलिओच्या किल्ल्यातले बारोन रिकासोली, जे इटलीचे पंतप्रधानही होते, यांनी १८७२च्या एका पत्रात मिश्रण मांडले: मुख्य सॅन्जोवेझे ही काळी द्राक्षे, मऊपणासाठी कानायोलो ही दुसरी काळी जात, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडी पांढरी माल्वाझिया. १९६७च्या नियमांनी पांढरी द्राक्षे निदान दहा टक्के घालणे सक्तीचेच करून टाकले आणि वाइन पातळ झाली. कियांती क्लासिकोला स्वतंत्र वरचा दर्जा १९९६ साली मिळाला, आणि २००६पासून त्यात पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे.

स्वाराला या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त जाणवते. साठ-सत्तरच्या दशकांत जुनी मिश्र वावरे मोडून ट्रॅक्टरसाठी नवे मळे लावले, तेव्हा अनेक ठिकाणी दगडी ताली बुलडोझरने काढल्या आणि ओळी उताराला आडव्या न घेता वरून खाली, सरळ उतरत्या घेतल्या. पावसाने माती वाहून जाऊ लागली. अशा ओळींमधून घोडा उतरवणे म्हणजे घसरड्या उतारावर तारांच्या गल्लीत शिरणे; मध्ये वळायला जागा नसते. ओळीच्या टोकाचा खांब ताणून धरण्यासाठी एक तार तिरकी जमिनीत गाडलेली असते. गवतात ती दिसत नाही आणि घोड्याचा पुढचा पाय नेमका तिथे अडकतो. म्हणून जाणते वाटाडे मळ्याच्या कडेने जातात, आणि तेही टोकापासून घोड्याच्या एका लांबीचे अंतर राखून.

मग टस्कनीत घोड्याची खरी परंपरा कुठेच नाही का? आहे, पण ती डोंगरात नसून समुद्राकाठच्या मारेम्मात आहे.

मारेम्मा म्हणजे ग्रोस्सेतोच्या भोवतालची सखल, पूर्वी दलदलीची किनारपट्टी. मलेरिया इतका की उन्हाळ्यात ग्रोस्सेतोची सरकारी कचेरी उचलून डोंगरावरच्या स्कान्सानोला नेत. ही प्रथा १८९७पर्यंत चालली. (आज तिथली मोरेल्लिनो दी स्कान्सानो ही वाइन नावाजलेली आहे.) ग्रँड ड्यूक दुसऱ्या लिओपोल्डोने १८२८पासून दलदल बुजवायला घेतली. ओम्ब्रोने नदीचे गढूळ पाणी कालव्याने दलदलीत सोडायचे, गाळ बसू द्यायचा आणि निवळलेले पाणी काढून घ्यायचे, असे ते काम. सावकाश चालणारे, म्हणून पिढ्यान्पिढ्या चालले. मलेरिया पूर्ण हटला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

अशा जमिनीत शेती करणे कठीण, पण गुरे जगत. लांब, वर वळलेली शिंगे असलेली करडी मारेम्माना गुरे वर्षभर उघड्यावर असत, आणि त्यांना राखायला घोडेस्वार गुराखी लागत. हेच बुत्तेरी. त्यांचा घोडा मारेम्मानो: जाड हाडाचा, मोठ्या डोक्याचा, दिसायला ओबडधोबड, पण चिखलात, काट्यात आणि उन्हात टिकणारा. खोगीर खोल, पुढे-मागे उंच, दिवसभर बसता येईल असे. लगाम एका हातात, कारण दुसऱ्या हातात आकडीची लांब काठी. फाटक उघडायला, गुरे वळवायला तीच. घोडा वळवताना तोंड ओढत नाहीत, लगाम मानेला टेकवतात. इंग्रजी पद्धतीत दोन्ही हातांनी लगाम धरायची सवय असलेला पाहुणा इथे पहिला अर्धा दिवस गोंधळतो, कारण त्याच्या ओढण्याने घोडा थांबतो.

८ मार्च १८९० रोजी रोममध्ये बुत्तेरींनी घोडेस्वारीचे खेळ करणाऱ्या बफेलो बिलच्या अमेरिकन तांड्याशी सामना दिला आणि त्याचे बिथरलेले घोडे काबूत आणून दाखवले. ते स्वार लाझिओतल्या चिस्तेर्नाकडचे होते, टस्कनीतले नव्हे. पण मारेम्मातल्या प्रत्येक पागेत ही गोष्ट आपलीच म्हणून सांगतात.

१९५०नंतरच्या जमीन सुधारणांत मोठ्या जमीनदाऱ्या फुटल्या, तारेची कुंपणे आली आणि बुत्तेरींचे काम आटले. १९७५ साली मारेम्माचे प्रादेशिक उद्यान झाले. त्यातल्या आल्बेरेझे इस्टेटीवर बुत्तेरी अजून गुरे राखतात आणि पाहुण्यांना बरोबर घेतात, पण फक्त चौखूर धावत्या घोड्यावर मांड पक्की असलेल्यांना. बुजलेले जनावर कुठे वळेल याचा नेम नसतो आणि घोडा त्याच्यामागे आपणहून वळतो. स्वार सैल असेल तर सरळ पुढे जातो.

मारेम्माच्या उत्तरेला, बोल्गेरीत, घोडा आणि वाइन एकाच माणसाच्या हातून जवळ आले. मार्केझे (हा सरदारी किताब) मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता हे शर्यतीच्या घोड्यांचे पैदासकार, त्याच धंद्यातल्या फेदेरिको तेझिओंचे भागीदार. त्यांच्या पागेतला रिबो १६ शर्यती धावला आणि सोळाही जिंकला, त्यात १९५५ आणि १९५६ची पॅरिसची ‘आर्क’ ही मानाची शर्यत होती. याच मार्केझेंनी १९४४ साली सान ग्विदो इस्टेटीवर खडकाळ उतारावर काबर्ने हे फ्रेंच जातीचे द्राक्ष लावले, टस्कनीत सॅन्जोवेझे सोडून दुसरे लावणे वेडेपणा समजत त्या काळात. ती वाइन वर्षानुवर्षे घरातच प्यायली गेली. १९६८चे पीक पहिल्यांदा बाजारात आले, तीच सास्सिकाया. तेझिओंच्याच पागेतल्या नेआर्कोचे रक्त आज जगभरच्या शर्यतीच्या घोड्यांत आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्यांचे मूळही मागे जाता जाता इटलीत पोचते.

सहलीवर लागणारी मांडही इटलीचीच देणगी आहे. फेदेरिको काप्रिल्ली हा घोडदळाचा अधिकारी १८६८ साली टस्कनीच्याच लिव्होर्नो बंदरात जन्मला. त्याच्या आधी स्वार लांब रिकिबीत पाय ताणून बसे आणि उडीच्या वेळी मागे रेलून लगाम खेचे. घोड्याच्या तोंडाला झटका, पाठीवर आदळ. काप्रिल्लीने रिकीब आखूड केली, वजन टाचेत आणि गुडघ्यात आणले, धड पुढे झुकवले आणि हात घोड्याच्या मानेबरोबर जाऊ दिले. १९०२ साली तोरिनोत त्याने २.०८ मीटर उंच उडी मारून दाखवली. पाच वर्षांनी घोड्यावरून पडूनच तो गेला. पिनेरोलो आणि तोर दी क्विन्तोच्या घोडदळ शाळांत ही रीत शिकायला देशोदेशींचे अधिकारी आले. चढावर पुढे झुका, आयाळ धरा, पाठ मोकळी सोडा, हे वाटाडे सांगतात ते तिथूनच आले. उतारावर नवखे जीव मुठीत धरून मागे रेलतात. त्याने घोड्याच्या कमरेवर भार येतो, मागचे पाय आत घेता येत नाहीत आणि तो अधिक घसरतो. उतारावर ताठ बसायचे, नजर पुढे.

आजच्या सहलीत साधारण दिवसाला चार ते सहा तास आणि २० ते ३० किलोमीटर होतात. बहुतेक पागा स्वाराच्या वजनाला ८५ ते ९५ किलोंच्या आसपास मर्यादा घालतात, आणि चढ पाहता ती रास्त आहे. कियांतीत दोन प्रकारचे दगड पायाखाली येतात: ठिसूळ, पापुद्रे सुटणारा गालेस्त्रो आणि कठीण चुनखडीचा आल्बेरेझे. दोन्हींवर नाल लागतोच. सिएनाच्या आग्नेयेला, मोंताल्चिनोच्या वाटेवर, क्रेते सेनेझी ही चिकणमातीची उघडी माळरानं लागतात. कोरड्यात तिथे भरधाव जाता येते. पाऊस झाला की चिखल टापेत भरतो आणि सैल नाल उपटून काढतो. म्हणून त्या टप्प्याच्या आदल्या रात्री नालांचे खिळे तपासतात आणि पाऊस असेल तर लांबच्या खडीच्या रस्त्याने जातात. हे पांढरे खडीचे रस्ते डांबरी होता होता वाचले त्यात सायकलवाल्यांचाही वाटा आहे: १९९७ साली गायोलेत सुरू झालेल्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या फेरीचा हेतूच ते रस्ते राखणे हा होता.

वाइन चाखणे शहाणे आयोजक संध्याकाळी, खोगिरे उतरल्यावर ठेवतात. दुपारच्या जेवणाबरोबर फार तर एक पेला.

महिना निवडताना द्राक्षांपेक्षा शिकार जास्त पाहावी. एप्रिल ते जून उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गोमाश्या घोड्यांना हैराण करतात. सॅन्जोवेझेची तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. तेव्हा मळे सुंदर दिसतात, पण ट्रॅक्टर आणि मजुरांमुळे बऱ्याच मालकांना घोडे नको असतात. १९९२च्या कायद्याप्रमाणे शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होऊन ३१ जानेवारीला संपतो, आणि इटलीच्या दिवाणी संहितेच्या कलम ८४२प्रमाणे कुंपण नसलेल्या जमिनीत शिकाऱ्याला शिरता येते, मालकाला त्याला अडवता येत नाही. स्वाराला तसा हक्क नाही. त्याला सार्वजनिक वाट किंवा मालकाची परवानगी हवी. रानडुकरांच्या हाकाऱ्यात कुत्रे, आरडाओरड आणि गोळ्या एकदम सुरू होतात आणि शांत घोडाही उधळतो. सुदैवाने त्याच कायद्याने मंगळवारी आणि शुक्रवारी शिकार बंद असते. शरद ऋतूतली सहल आखताना जंगलातले टप्पे याच दोन दिवसांवर टाकतात. बाकीचे दिवस उघड्या टेकड्यांवरून, अंगात नारिंगी जॅकेट घालून.