राउटर बदलला, पण गुण कशाचा आला?

गणपतीत आमच्या गुहागरच्या घरात चार माणसांची अठरा होतात. त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर वायफायनं मान टाकली. पूर्ण गेलं असं नाही. पाच मिनिटं यायचं, दोन-तीन मिनिटं गायब व्हायचं, परत यायचं. मुंबईहून आलेल्या पुतण्यानं लगेच निदान केलं, "काका, राउटर म्हातारा झालाय, टाका बदलून." चौथ्या दिवशी नवा राउटर लागला आणि नेट सुरळीत झालं. पुतण्या खूश. मला मात्र चैन पडेना. राउटर बदलताना आम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्या होत्या: डबा, त्याचा अडाप्टर आणि त्याची जागा. मग गुण नक्की कशाचा आला?

पाहुणे परतल्यावर जुना डबा पुन्हा बाहेर काढला.

पहिला संशय रस्त्यावरून येणाऱ्या फायबरवर होता, तो लवकर मिटला. फायबर ज्या छोट्या पेटीत येतो, त्या ओएनटीवरचा एलओएसचा लाल दिवा लागला तर बाहेरून प्रकाशच येत नाही असं समजायचं. आमचा एकदाही लागला नव्हता. लॅपटॉप केबलनं थेट ओएनटीला जोडला, तासभर पिंग (उत्तर येतं का हे पाहणारी छोटी हाक) सोडून ठेवलं, एकही चुकलं नाही. म्हणजे दुखणं घरातलंच.

मग जुन्या राउटरचा 12 व्होल्टचा अडाप्टर मल्टिमीटरवर धरला. मोकळा असताना 12.1. छान! राउटर जोडून परत मोजला, तर आकडा 10 च्या आसपास लटपटत होता. खोलून पाहिलं: आतल्या एका कपॅसिटरचं (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या नळकांड्याचं) डोकं भाकरीसारखं फुगलेलं आणि सर्किटच्या पट्टीच्या कडेला तांब्यावर हिरवट बुरशी चढलेली. बुरशी कसली, ती तांब्याची गंजच.

असल्या कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असतं. उष्णतेनं ते हळूहळू सुकतं. ढोबळ हिशेब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आमचा अडाप्टर बिचारा सहा वर्षं पडद्यामागच्या बोर्डात कोंडलेला. त्यात आमची वाडी संपते तिथे समुद्र सुरू होतो. खारे कण वाऱ्यावर येऊन सगळ्यावर बसतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली उतरते कधी? बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच सर्किटवरही घडतं. खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो, त्यातून नको तिथे वीज झिरपते आणि तांबं खाल्लं जातं.

आरतीनंतरचंच कोडंही इथेच सुटलं. सगळे एकदम फोन घेऊन बसले की राउटरचं प्रक्षेपण वाढतं, तो जास्त करंट मागतो. थकलेला अडाप्टर तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज खचतं आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू व्हायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. दुपारी मंडळी वामकुक्षीत असताना तोच राउटर अगदी शहाण्यासारखा वागायचा. जुन्या डब्याला नवा अडाप्टर लावला, तर आठवडाभरात तो एकदाही बंद पडला नाही.

मात्र स्वयंपाकघरात त्याची रेंज पूर्वीइतकीच मरतुकडी. तो दोष चिऱ्याचा. ओटीवर फोनमध्ये सिग्नल उणे 48 डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं डेसिबलमधलं माप) दिसायचा, मधे जांभ्याच्या दोन भिंती ओलांडून स्वयंपाकघरात गेलं की उणे 81. फरक 33 दिसतो, पण हे माप गुणाकाराचं आहे: दर 10 डेसिबलला शक्ती एक दशांश होते. म्हणजे ओटीवर जेवढी शक्ती पोचत होती, तिचा सुमारे दोन हजारावा भाग चुलीपर्यंत यायचा. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात तो पाणी पितो. पाण्याचे रेणू विजेच्या दृष्टीनं दोन टोकांचे असल्यामुळे लहरींसोबत हेलकावे खातात आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत जिरवतात. (मायक्रोवेव्ह भट्टीही याच तत्त्वावर, सुमारे 2.45 गिगाहर्ट्झला चालते. ही पाण्याची "खास" वारंवारता असल्याचं ऐकायला मिळतं, त्यात तथ्य नाही.) 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीत तो आणखीच लवकर जिरतो.

आणि स्वयंपाकघरातला फोन एकटाच रखडत नाही. एका चॅनलवर वायफाय आळीपाळीनं बोलतं. सिग्नल क्षीण असला की राउटर वेग उतरवून सावकाश बोलतो, तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. वहिनी चुलीपाशी व्हिडिओ बघत मोदक वळत असल्या की ओटीवरच्या मॅचचा चेंडू हवेतच थांबायचा.

नव्या राउटरसोबत लांब केबल आली होती, म्हणून पुतण्यानं तो माजघराच्या दारावर टांगला. चूलही आली, ओटीही आली. दोन्हीकडे आता एकेकच भिंत. स्वयंपाकघरातली सुधारणा बहुतांशी या टांगण्याची. नव्या डब्याचं श्रेय सगळंच नाकारत नाही. जुन्याला फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा होता. नव्याला 5 चाही आहे, आणि तो वायफाय 6 या पिढीचा, त्यात एकाच वेळी अनेक फोनना चॅनलचे तुकडे वाटून देता येतात. अठरा माणसांत ते उपयोगी पडलं असणार. एरवी चौघांना एवढं लागत नाही.

जुना राउटर आता पडवीत, केबलनंच जोडलेला. आमच्या हिचा प्रश्न असा, "जुनाच चालत होता, तर नव्याला पैसे का घातले?" याचं उत्तर मी पुतण्यावर सोडलंय.

हस्त नक्षत्र लागलं की मात्र हिचंच राज्य. फायबर काचेचा, त्यातून वीज घरात येत नाही. ती येते अडाप्टरच्या प्लगमधून. पहिला गडगडाट ऐकू आला की आधी दोन्ही राउटरचे प्लग निघतात, मग फ्रिजचा, आणि आम्ही कंदील पुसायला घेतो.