कोणी गायलं, कोणी लिहिलं: तबकडीपासून फोनपर्यंत नाशिकचा श्रोता

शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांचा जन्म नाशिकचा, २८ मे १९२१चा. वडील विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, पुढे ते मुंबईला आले आणि उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढून नाशिकला स्थिरावले. मुलगा दहा वर्षांचा असताना वडील गेले. मुलगाही २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या ३४व्या वर्षी गेला. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यात राग उभा राहतो, बंदिश पूर्ण होते आणि ऐकणाऱ्याला काही अपुरं राहिल्यासारखं वाटत नाही. आज फोनवर त्यांचं नाव लिहिलं की ही गाणी क्षणात समोर येतात. अट एकच, नाव माहीत हवं.

नवं संगीत सापडण्याच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी ही अट आहे, असं मला वाटतं. गाणं कानावर कुठूनही पडतं: लग्नात, एसटीत, शेजारच्या घरातून. पण एका गाण्यावरून दुसऱ्याकडे जायचं तर कोणी गायलं, कोणी लिहिलं, चाल कोणाची, साथीला कोण, यातलं काहीतरी हाती लागावं लागतं. म्हणून संग्रहाचा इतिहास सांगताना तबकडी, कॅसेट, फाईल यांच्याइतकाच गाण्यासोबत येणाऱ्या माहितीचा इतिहास सांगायला हवा. तो सांगितला जात नाही, आणि आजच्या डिजिटल संग्रहांची दुखणी तिथूनच आलेली आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला होता. वारकरी अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ येतं. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे पौषातल्या यात्रेत रात्रभर भजन चालतं, तिथे एकही कागद नसला तरी अभंग कोणाचा हे पाठच असतं. नाममुद्रा चालीत बसलेली, म्हणून ती गाळता येत नाही. गाळली तर कडवंच मोडतं.

ग्रामोफोन आला तेव्हा वेगळ्या कारणानं असंच काहीसं करावं लागलं. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गाइसबर्ग या ध्वनिमुद्रकानं कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. मूळ मुद्रिका तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना ना भाषा कळत होती ना आवाज ओळखू येत होता, म्हणून गाणं संपताना गायिकेनं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं अशी पद्धत पडली. १९०८मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. त्यानंतर नाव सांगायचं काम तबकडीच्या मधल्या गोल कागदाकडे गेलं.

तबकडी महाग, यंत्र त्याहून महाग, तेव्हा सामान्य नाशिककराला नवं गाणं दिलं ते रेडिओनं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. १९५२मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठी जागा दिली, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला, पण चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. लोकांनी काटा श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर नेला. तिथे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीनं चित्रपटगीतांना पुन्हा घरात घेतलं. धोरण चुकीचं होतं असंच मी म्हणेन. तरी रेडिओच्या निवेदकांनी एक काम इमानानं केलं: गाण्याआधी गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावं सांगितली. ज्यांच्या घरी एकही रेकॉर्ड नव्हती त्यांनाही चालीवरून संगीतकार ओळखता येऊ लागला, तो या रोजच्या उजळणीमुळे.

मराठी घरांत याचं सर्वात मोठं उदाहरण अर्थात गीतरामायण. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. वर्षाला ५२ आठवडे, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गीतं ५६ झाली. पुढचं गीत ऐकायला आठवडाभर थांबायचं, ऐकताना वहीत उतरवायचं, राहिलेला शब्द वर्तमानपत्रात छापून आला की जुळवून घ्यायचा. रामकथेची पंचवटी ज्यांच्या रोजच्या वाटेवर, त्या नाशिककरांना त्या वह्यांचं अप्रूप किती असेल हे सांगायला नको. ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाचं यंत्र नव्हतं त्यांचा संग्रह म्हणजे या वह्याच.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, आल्यावर माहितीला भरपूर जागा मिळाली. बारा इंचाच्या आवरणाच्या मागच्या बाजूला रागाची माहिती, साथीदारांची नावं, कधी कलाकाराची सगळी कारकीर्द. तबलजीचं नाव तिथे वाचायचं आणि मग त्याच तबलजीची साथ असलेली दुसरी रेकॉर्ड शोधायची, असा शोध सुरू व्हायचा. याच सुमारास नाशिकमध्ये राहून लिहिणाऱ्या वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ १९६४मध्ये रंगमंचावर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, पदं स्वतः कानेटकरांची. त्यातली पदं आजही ऐकली जातात; मैफलीत फर्माईश होते, फोनवर वाजतात. ती नाशिकच्या नाटककारानं लिहिली आहेत हे मात्र ऐकणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. का, ते पुढे येईलच.

मग कॅसेट आली, आणि आपल्या बाजूच्या संगीतावर तिच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झालेला नाही. फिलिप्सनं ती १९६३मध्ये काढली. आपल्याकडे तिचा खरा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात. तोवर ग्रामोफोन कंपनी म्हणजे एचएमव्ही हीच बाजाराची मालक. कॅसेट छापायला मोठा कारखाना लागेना, आणि कॉपीराइट कायद्यातल्या तरतुदीनं ठरलेलं मानधन भरून जुनं गाणं नव्या आवाजात पुन्हा मुद्रित करता येत होतं. टी-सिरीजनं हा मार्ग धरून एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लहान गावांतल्या लहान कंपन्या उभ्या राहिल्या. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेनं शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत निगुतीनं कॅसेटवर आणलं. आणि ज्या गाण्यांना एचएमव्हीच्या दारात कधी उभं केलं गेलं नसतं ती भजनं, पोवाडे, लोकगीतं, भीमगीतं गल्लोगल्ली वाजू लागली.

भीमगीतांबद्दल नाशिकनं थोडं जास्त बोलायला हवं. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. काळाराम मंदिराचा १९३०चा सत्याग्रह ज्या जिल्ह्यात झाला त्याच जिल्ह्यातला हा कवी; गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली. ती हजारोंच्या घरात गेली. कॅसेटपूर्वी ती पसरली ती जलशांतून आणि स्वस्त पुस्तिकांतून. कॅसेट आल्यावर दुसऱ्या गायकांच्या आवाजात ती महाराष्ट्रभर गेली. आता प्रश्न येतो नोंदीचा. कॅसेटच्या वेष्टणातला कागद बोटभर, वर गायकाचा फोटो, मग कवीचं नाव आत बारीक अक्षरांत, नाहीतर नाहीच. पण वामनदादांनी शाहिरी रीतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफलेलं असे. कागद हरवला तरी त्या गाण्यांचा कवी हरवत नाही. तुकोबांची युक्ती विसाव्या शतकात कॅसेटच्या बाजारातही तितकीच कामाला आली, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच काळात शहरात रेकॉर्डिंग सेंटरं होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार आपल्याकडच्या रेकॉर्डवरून ‘भरून’ द्यायचा. साठ मिनिटांची की नव्वदची, ए बाजूला काय, बी बाजूला काय, हा विचार गिऱ्हाईक करायचं. शेवटी चार मिनिटं उरली तर दुकानदार स्वतःच्या आवडीचं एखादं गाणं टाकायचा, आणि अनेकांच्या आयुष्यभराच्या आवडी त्या उरलेल्या चार मिनिटांतून सुरू झाल्या. कायद्यानं हे बसत नव्हतं, हे खरं. संगीताची गोडी त्यानं लावली, हेही खरं.

एमपीथ्रीनं ही साखळी तुटली. तंत्र विलक्षण आहे. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी कानाच्या मर्यादांचा अभ्यास करून, मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज वगळले आणि १२८ किलोबिटमध्ये काम भागवलं. ‘एमपीथ्री’ हे फाईलचं आडनाव ठरलं १९९५मध्ये. एका मिनिटाला साधारण एक मेगाबाईट, म्हणजे ७०० मेगाबाईटच्या एका सीडीवर शंभर-दीडशे गाणी. नाशिकच्या रस्त्याकडेला ‘जुनी मराठी’, ‘भक्तिगीतं’ अशा सीडी मिळू लागल्या. संगणकात घातल्यावर मात्र दिसायचं ते ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’.

फाईलला नोंद जोडायची सोय १९९६मध्ये निघाली, तिचं नाव आयडीथ्री. ती नीट पाहण्यासारखी आहे. फाईलच्या शेवटी १२८ बाईट. त्यात गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, एक शेरा आणि संगीतप्रकाराचा आकडा. गीतकाराला रकाना नाही, संगीतकारालाही नाही. प्रकारांच्या मूळ ८० नावांत पोल्का हे युरोपातलं नृत्यसंगीत आहे. अभंग, नाट्यगीत, ख्याल यांतलं काही नाही. शिवाय आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात. ‘भीमसेन जोशी’ लिहायला लागतात ३१. म्हणजे शेवटची वेलांटी बाहेरच राहिली असती. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत गीतकार, संगीतकार, युनिकोड सगळ्यांची सोय झाली. पण तोवर लाखो फायली एकाच ‘कलाकारा’च्या रकान्यानिशी फिरत होत्या, आणि जो रकाना भरलेला असे तो गायकाचा. भावगीत तिघांचं असतं, त्यातले दोघे इथे गळाले. कानेटकरांचं नाव त्यांच्याच पदांपासून सुटलं ते असंच, आणि आजच्या ॲपमध्येही गीतकार पाहायला दोन-तीनदा बोट लावून आत शिरावं लागतं.

पुढचं सगळं भराभर झालं. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी ‘टाकून’ मिळू लागली. पेनड्राइव्ह आला, तो ट्रॅक्टरवरही पोचला. कांद्याचा लिलाव संपेपर्यंत बाजार समितीच्या रांगेत तोच वाजतो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आलं. गाणी मालकीची राहिली नाहीत, भाड्याची झाली. भाड्याचं काय होतं ते मार्च २०२३मध्ये दिसलं: करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली आणि ऐकणाऱ्यांनी जमवलेल्या याद्यांना भोकं पडली.

ॲपची शिफारस चालते ती मुख्यतः दोन गोष्टींवर: तुमच्यासारखं ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात, आणि गाण्याला जोडलेली माहिती काय सांगते. ज्याला ऐकणारे मोजके आणि माहिती अर्धवट, ते गाणं या हिशेबात येतच नाही. एखाद्या स्थानिक शाहिराची १९८८ची कॅसेट कोणीतरी ‘भीमगीते भाग २’ एवढ्याच नावानं चढवली असेल तर ती असून नसल्यासारखी. यंत्राचा यात दोष नाही. त्याला सांगायला कोणी बसलेलं नाही.

म्हणून आज डिजिटल संग्रह करणाऱ्या नाशिककरानं सुरुवात घरातल्या कपाटापासून करावी, असं माझं मत आहे. कंपनीच्या कॅसेटी थांबू शकतात. त्यांच्या प्रती कुठेतरी असतात. आधी घ्यायच्या त्या ज्यांची दुसरी प्रत नाही: वाड्यातलं कीर्तन, भजनी मंडळाचा सप्ताह, जयंतीच्या कार्यक्रमातला शाहीर. आपल्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, तेव्हा हे काम उन्हाळ्यातच उरकलेलं बरं. फाईल फ्लॅक स्वरूपात ठेवावी, त्यात आवाज गाळला जात नाही. गीतकार आणि संगीतकार यांचे रकाने देवनागरीत भरावे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. पलुस्करांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क त्यामुळे २०१५ अखेर संपलेला आहे. कवीचा हक्क वेगळा, निधनानंतर ६० वर्षांचा; वामनदादांच्या शब्दांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. घरी ऐकायला जतन करणं निराळं, जगासाठी चढवणं निराळं.

आणि नोंद करताना गाव, साल आणि प्रसंग आधी लिहावा. गायकाचा आवाज मागाहूनही कोणी ओळखतं, कवी शेवटच्या कडव्यात सापडतो. गाव-साल मात्र ज्यानं टेपचं बटण दाबलं त्यालाच ठाऊक असतं, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवं.