कुणीच न काढलेला चौरस

चार शब्द टाइप केले की संगणक बंगल्याचा आराखडा समोर ठेवतो, अशा जाहिराती सध्या जिकडेतिकडे दिसतात. त्या वाचून वाटतं, आकृती ‘बघण्याचा’ प्रश्न संगणकाने कधीच निकालात काढला असणार. पण हा प्रश्न किती खोल आहे, हे पेन्सिल आणि आलेखाचा कागद घेऊन बसलं की लगेच कळतं.

८ घरं बाजू असलेला एक चौरस काढा. तेवढाच दुसरा चौरस ३ घरं उजवीकडे आणि ३ घरं वर सरकवून त्यावर काढा. आता मधोमध ५ घरांच्या बाजूचा तिसरा चौरस दिसेल. तो तुम्ही काढलेला नाही, तरी तो आहे. साध्या ड्रॉइंग प्रोग्रॅममध्ये मात्र तो नसतो. तिथे दोन चौरसांची नोंद झालेली असते आणि उचलायला गेलात तर तेच दोन हाती लागतात.

जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स यांनी १९७१ मध्ये आकारांचं व्याकरण मांडलं. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या व्याकरणात नियम लावत लावत वाक्य तयार होतं. इथे नियमच चित्रांचे. ‘डावीकडचा आकार सापडला, तर तो पुसून त्याजागी उजवीकडचा काढा.’ सगळी मेख त्या ‘सापडला’मध्ये आहे.

स्टायनींचा उपाय मला आजही थक्क करतो. रेषेला आधीपासून ठरलेले तुकडे नसतात, असं ते मानतात. एकाच ओळीत ० ते ५ आणि ३ ते ८ अशा दोन रेषा काढल्या, तर बेरीज दोन रेषा होत नाही. ० ते ८ अशी एकच सलग रेषा होते. त्यातून ३ ते ५ पुसा, आता रेषा दोन होतात. म्हणजे बेरीज केली तर दोनाची एक झाली, वजाबाकी केली तर एकाच्या दोन! मोजणीच्या गणितात हे बसत नाही, रेषांच्या गणितात अगदी चोख बसतं. संगणकाने फक्त सर्वांत लांब, सलग रेषा लक्षात ठेवायच्या आणि विचारायचं, ‘हवी असलेली बाजू यांतल्या एखाद्या रेषेच्या पोटात बसते का?’ मधल्या चौरसाच्या चारही बाजू तशा बसतात, म्हणून तो सापडतो. रमेश कृष्णमूर्ती यांनी १९८०च्या सुमारास या शोधाचं अंकगणित नीट बांधून दिलं.

आता नियम लावू: मधला चौरस पुसा आणि तो आणखी ३ घरं उजवीकडे व ३ घरं वर काढा. पुसल्यावर आठ रेषा उरतात, त्यांतल्या चार आखूड झालेल्या. नव्या चौरसाच्या वरच्या आणि उजव्या बाजू तिथल्या जुन्या रेषांत मिसळून जातात, नव्या रेषा दोनच वाढतात. एकूण दहा. आणि मूळचे दोन्ही चौरस गायब! नियमात त्यांचं नावही नव्हतं. हे कागदावर एकदा करून बघाच, नुसतं वाचून पटत नाही.

याच पद्धतीने स्टायनी आणि विल्यम मिचेल यांनी १९७८ मध्ये इटलीच्या पॅलाडिओ या जुन्या वास्तुकाराच्या हवेल्यांच्या नकाशांचं व्याकरण लिहिलं.

पण या गणितातल्या रेषेला जाडी नसते, वजन नसतं. २०१५ मध्ये टेरी नाईट आणि स्टायनी यांनी घडवण्याचं व्याकरण मांडलं आणि त्यात दोरीच्या गाठी घेतल्या. दोरी दोरीत मिसळत नाही. ती वरून जाते नाहीतर खालून, आणि त्यावरच गाठ बसणार की सुटणार हे ठरतं. गाठ कुठे आवळायची हे बोटांना जाणवतं, म्हणून तिथे स्पर्शही नियमात येतो. जलरंगाचं तिसरंच. ओल्या पिवळ्यावर निळा टाकला की हिरवा होतो, त्यातून निळा पुन्हा वेगळा काढता येत नाही. प्रत्येक पदार्थाची बेरीज-वजाबाकी वेगळी, आणि मला या सिद्धान्ताचं खरं मोल इथेच दिसतं.

तमिळनाडूतल्या कोलमकडे, म्हणजे तिथल्या रांगोळीकडे, मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकातच वळले होते. त्यांनी चौकटींत चिन्हं मांडून कोलमची व्याकरणं लिहिली. एवढ्यावरून ‘आपल्या पूर्वजांना प्रोग्रॅमिंग येत होतं’ किंवा ‘त्या रेषांतून ऊर्जा वाहते’ असले फॉरवर्ड पाठवू नयेत. कोलम काढणाऱ्या बायकांचं कसब खरं आहे, त्याला असल्या टेकूंची गरज नाही.

नाईट यांनी पुढे कोलमच घेतला, पण तयार आकृतीऐवजी ती काढण्याची क्रिया अभ्यासली. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीतही हे दिसतं. चिमटीतून पूड सुटते, त्याच रेघेवरून हात पुन्हा फिरला की ती जाड होते. कुणी एक सलग वळण घेत सगळे ठिपके गुंफते, कुणी चार पाकळ्या सुट्या काढून नंतर जोडते. रांगोळी सारखीच होते. स्टायनींच्या जुन्या व्याकरणाला शेवटच्या आकृतीवरून या दोघींतला फरक सांगता येत नाही; घडवण्याच्या व्याकरणात मात्र हाताची प्रत्येक हालचाल हाच नियम, त्यामुळे त्या दोन वेगळ्या रांगोळ्या ठरतात.